परम ब्रह्मवर पहिला जॉब टाकण्याआधी

[रॅकची रांग. पंख्यांचा आवाज आहे तसा]

हा आवाज आम्ही वाढवलेला नाहीये, आत उभं राहिलं की असाच येतो, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पुण्यात पाषाणला, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेच्या आवारात हा सुपरकॉम्प्युटर आहे, परम ब्रह्म. २०१९ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनं बसवलं. बसवलं तेव्हा ताकद होती ७९७ टेराफ्लॉप्स, म्हणजे सगळं पूर्ण जोरात चाललं तर सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी, आणि स्टोरेज १ पेटाबाईट, म्हणजे हजार टेराबाईट. ज्यांना नुकतंच अकाउंट मिळालंय आणि काळी स्क्रीन बघून हात थांबतोय त्यांच्यासाठी हा व्हिडिओ आहे. जॉब म्हणजे मशीनला करायला दिलेलं एक काम.

[जुने फोटो]

पण आधी हे फोटो बघून घ्या. १९८०च्या दशकात भारताला अमेरिकेचं क्रे कंपनीचं मशीन पाहिजे होतं, हवामानासाठी आणि संशोधनासाठी. तेच मशीन अण्वस्त्रांच्या आकडेमोडीलाही चालतं म्हणून अमेरिकेनं हात आखडता घेतला, आणि शेवटी दिल्लीत आलं ते कमी ताकदीचं, फक्त हवामानाच्या कामासाठी, वापरावर अटी घालून. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, सीडॅक ही संस्था उभी राहिली, आपल्या पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीला. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. काम एकच, आपला स्वतःचा सुपरकॉम्प्युटर बनवायचा, मुदत ३ वर्षं आणि पैसे ३० कोटी.

आता इथे जरा थांबून समजून घ्या, कारण तेव्हा जे ठरलं त्यावरच आजचं मशीन चालतंय. क्रेचा सगळा जोर अतिशय वेगवान आणि अतिशय महागड्या मोजक्या प्रोसेसरवर होता. तसा प्रोसेसर आपल्याकडे बनणं शक्य नव्हतं आणि विकत कोणी देणार नव्हतं, म्हणून या लोकांनी बाजारात मिळणाऱ्या चिप घेतल्या, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या, ट्रान्सप्युटर नावाच्या, आणि त्या एकमेकींना जोडून एकच काम सगळ्यांत वाटून टाकलं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झालं, ६४ प्रोसेसरचं. एक मशीन पार मॉस्कोला गेलं. पुढे १९९८ ला परम १००००, मग परम पद्म, १ टेराफ्लॉपचं, जे २००३ मध्ये जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० मशीनच्या यादीत १७१ व्या नंबरवर होतं. ब्रह्मची ताकद बसवलं तेव्हाच त्या पद्मच्या जवळजवळ ८०० पट होती. याची सुरुवात या शहरात झाली आणि हे सगळं आपल्या लोकांनी उभं केलंय, हे माहीत असलेलं बरं असं मला मनापासून वाटतं.

[एक नोड बाहेर ओढलेला, वरचं झाकण काढलेलं]

हा एक नोड, म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर. दोन प्रोसेसर, प्रत्येकात २४ कोर, कोर म्हणजे आकडेमोड करणारा एकेक भाग, म्हणजे एका नोडमध्ये ४८ कोर. असे नोड ओळीनं या उभ्या कपाटांत, म्हणजे रॅकमध्ये बसवलेत. आणि प्रोसेसरवर या ज्या नळ्या दिसतायत त्या नीट बघा, त्यात पाणी खेळतं. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूची प्लेट घट्ट बसवलेली असते, आतून बारीक खाचा असलेली, एका नळीतून गार पाणी येतं, प्लेटमधून फिरताना उष्णता उचलतं आणि दुसऱ्या नळीतून बाहेर जातं. एवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा पाणी ३ हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे खोलीभर गार हवा मारत बसावं लागत नाही, एसीवर जाणारी वीज वाचते. मेमरी आणि बाकीच्या पार्टसाठी पंखे आहेतच, आवाज त्यांचा.

[रॅकची मागची बाजू, पाईप आणि केबलचे जुडगे]

मागून बघा. पाईप पाण्याचे, आणि या केबल इन्फिनिबँडच्या, म्हणजे नोडांना एकमेकांशी जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कच्या. लोक फक्त प्रोसेसरचं नाव विचारतात पण क्लस्टरला, म्हणजे जोडलेल्या नोडांच्या या समूहाला, क्लस्टरपण येतं ते या केबलमुळे. तुमचं काम १० नोडवर पसरलेलं असेल तर प्रत्येक पायरीला नोडांना एकमेकांना आकडे कळवावे लागतात, आणि हा निरोप उशिरा पोचला तर कितीही जोरदार प्रोसेसर असो तो नुसता वाट बघत बसतो.

एक हिशोब सांगते. प्रथिनाचा रेणू पाण्यात कसा हलतो ते बघायचंय, ग्रोमॅक्ससारखं सॉफ्टवेअर वापरून. हालचाल वेळेच्या छोट्या छोट्या पावलांनी मोजतात, आणि एक पाऊल साधारण २ फेमटोसेकंदांचं ठेवावं लागतं (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या हजार लाख कोटी भागांतला एक), त्यापेक्षा फार मोठं टाकलं तर गणित कोसळतं. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, बघायचा म्हणजे अशी ५० कोटी पावलं, आणि प्रत्येक पावलाला लाखभर अणूंवरचं बल काढायचं. पावलं एकामागोमाग एकच टाकता येतात, ती वाटता येत नाहीत, वाटता येतं ते एका पावलातलं काम. म्हणून निरोप लवकर पोचणं इतकं महत्त्वाचं.

[प्रथिनाची हालचाल, निवेदन नाही]

केमिस्ट्री, बायोलॉजी, मटेरियल्स, हवामान, सगळ्यांची कामं यावर चालतात, पेपर निघतात, थिसिस पूर्ण होतात.

[लॅपटॉपची स्क्रीन, लॉगिन होताना]

आता तुमचं काम. लॉगिन केलं की तुम्ही लॉगिन नोडवर येता, आणि तो सगळ्यांचा उंबरठा आहे, तिथे फाईल लिहा, कंपाईल करा, पण मोठं काम तिथे चालवू नका, एकानं चालवलं की बाकी सगळ्यांचं टायपिंगसुद्धा अडकायला लागतं. लागणारं सॉफ्टवेअर मॉड्यूल लोड करून घ्यायचं, म्हणजे मशीनवर आधीच असलेलं सॉफ्टवेअर एका कमांडनं आपल्यासाठी चालू करायचं. स्क्रिप्ट आणि कोड होममध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, चालू जॉबचा भला मोठा डेटा स्क्रॅचमध्ये, आणि स्क्रॅच ही तात्पुरती जागा आहे, महत्त्वाच्या रिझल्टची कॉपी आपली आपण दुसरीकडे ठेवायची.

[स्क्रीनवर जॉबची रांग]

ही रांग. हे सगळं स्लर्म नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. किती नोड, किती वेळ, एवढं स्क्रिप्टमध्ये लिहून एसबॅच ही कमांड द्यायची आणि जॉब रांगेत लागतो. नवीन मुलं काय करतात, भीतीपोटी वेळ भरमसाठ मागतात, तासाभराच्या कामाला तीन दिवस. हे करू नका. दगडी भिंत रचताना मोठ्या दगडांच्या फटीत चिपा बसवतात ना, तसं स्लर्म मोठ्या जॉबच्या मधल्या रिकाम्या वेळेत छोटे जॉब बसवतो, पण तुमचा जॉब छोटा आहे हे त्याला तुम्ही लिहिलेल्या वेळेवरूनच कळतं. तीन दिवस लिहिलेत तर फट समोर असूनही तो तुम्हाला तिथे बसवणार नाही. अगदी काठावरही लिहू नका, वेळ संपली की जॉब मारला जातो, थोडी मोकळीक ठेवा आणि मधेमधे चेकपॉइंट, म्हणजे तिथपर्यंतच्या कामाची नोंद, फाईलमध्ये लिहीत राहा.

नोडांचंही तेच. जास्त नोड म्हणजे जास्त वेग असं सरसकट होत नाही. प्रोग्रॅममधला ५ टक्के भाग जरी वाटता न येणारा असेल तर हजारो कोर दिलेत तरी वेग २० पटीच्या वर जात नाही, हे १९६७ मध्ये जीन अॅमडालनं मांडलेलं गणित आहे आणि ते कोणाच्याच कोडला चुकलेलं नाही.

[विद्यार्थिनी स्क्रीनवर वेळेचे आकडे लिहून घेताना]

ही काय करतेय बघा, हेच तुम्ही पहिल्या दिवशी करा. तोच छोटा जॉब आधी १ नोडवर, मग २, मग ४, मग ८, आणि प्रत्येकाला लागलेला वेळ वहीत. दुप्पट नोड देऊन वेळ निम्म्याच्या आसपास येत असेल तर पुढे जा, नसेल तर तिथेच थांबा, पुढचे नोड रांगेतल्या दुसऱ्या कोणाला तरी लागणार आहेत.

आणि अडलात तर सपोर्टला बिनधास्त लिहा, फक्त नुसतं "चालत नाहीये" एवढंच लिहू नका, जॉब आयडी, स्क्रिप्ट आणि एरर फाईल सोबत जोडा म्हणजे त्यांना पहिल्याच मेलमध्ये काहीतरी सांगता येईल.