सायरन वाजला तर तिकिटाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, कुणी घरी चहा घेत ऐकत असेल, कुणी डब्यात दारापाशी लटकत, तर आज एक विचित्र प्रश्न. शहरावर बॉम्ब पडतायत, तर स्टेशनात शिरताना तिकीट काढायचं का हो? हसू नका, काही शहरांना हा प्रश्न खरंच पडलाय.

१९४० मध्ये जर्मन विमानं रोज रात्री लंडनवर यायला लागली, तेव्हा सरकार म्हणत होतं भुयारी रेल्वे प्रवासासाठी आहे, आसरा घ्यायला नाही. लोक कसले ऐकतायत, सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचे, खाली उतरायचे आणि गाडीत बसायचेच नाहीत. तिकीट आहे ना हातात, मग बोला! शेवटी सरकारच नमलं. मग फलाटावर पांढऱ्या रेघा मारल्या, संध्याकाळी झोपणाऱ्यांनी भिंतीकडे सरकून राहायचं आणि रेघेपुढची जागा चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची, रात्री गाड्या थांबल्या की मग ऐसपैस पसरा. पुढे झोपायच्या बाकांचीसुद्धा तिकिटं निघाली, म्हणजे रिझर्वेशनच की.

युक्रेनच्या खारकीवमध्ये उलटं झालं. २०२२ मध्ये हल्ला झाल्यावर मेट्रो बंद पडली, लोक स्टेशनातच राहायला गेले, आणि २४ मेला गाड्या परत धावायला लागल्या त्या फुकट. कीवमध्येही तेव्हा सायरन झाला की बस थांबायची, सगळे उतरून आसरा शोधायचे.

बरोबरच आहे, अशा वेळी सुट्टे कोण मागणार. पण पैसे माफ केले म्हणून गर्दी आपोआप शिस्तीत चालत नाही. लंडनच्या बेथनल ग्रीन स्टेशनवर ३ मार्च १९४३ ला चेंगराचेंगरी झाली, तेव्हा तिथे बॉम्ब पडलाच नव्हता. सायरन झाला, जवळच्या पार्कातून आपल्याच तोफखान्याचा नवा, अनोळखी आवाज आला, लोक घाबरून आत घुसले, ओल्या अंधाऱ्या जिन्यावर एक बाई पडली आणि तिच्यावर बाकीचे. १७३ माणसं गेली. जिन्याच्या मधोमध कठडा नव्हता, तोंडाशी पोलीस नव्हता, बस्स. आपल्याला हे काय समजावून सांगायचं, एल्फिन्स्टनच्या पुलावर २०१७ मध्ये २३ जण गेले तेव्हा युद्ध कुठे होतं, नुसता पाऊस होता.

आता आपल्याकडे मुंबईत मेट्रो ३ आहे, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं तेव्हा मुंबईतही सायरन वाजले. मला विचाराल तर खरी वेळ आलीच तर गेटं सरळ उघडी टाकावीत, क्यूआर-बिआर गेलं खड्ड्यात. पण प्रत्येक जिन्याशी एक माणूस हवाच, आणि तो बेस्टचा जुना कंडक्टर असला तर उत्तम, "पुढे सरका, दार सोडा" हे त्याच्यासारखं दुसऱ्या कुणालाच जमत नाही.