कटला गंगेचा, चिलापी आफ्रिकेची

पहाट. सोलापूर जिल्हा, करमाळा तालुक्यातलं केत्तूर. उजनीच्या फुगवट्यातून होडी काठाला लागते, जाळं रिकामं होऊ लागतं. कटला, चिलापी आणि एक मिशाळ शिंगाळा.

कटला मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. त्याचं बीज धरणात सोडतात. चिलापी आफ्रिकेची. शिंगाळा मात्र इथला जुना रहिवासी. कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा कितीतरी नावं इथल्या लोकांच्या तोंडचीच उचलली. त्यांचा ‘सींघाला’ म्हणजे आपला शिंगाळा. आणि ‘खुद्री’ म्हणजे इथला महाशीर. तो त्यांना पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळाला. तेच पाणी भीमेला मिळून उजनीत येतं, पुढं पंढरपुरात चंद्रभागा होतं.

पण माशाचं गाव ओळखायचं कसं?

सॅमन माशाकडे बघा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि पाण्याचा वास ओळखत अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. पिढ्यानपिढ्या सोयरीक एकाच नदीत, त्यामुळं नदीगणिक डीएनए थोडाथोडा वेगळा पडतो. मग पराचा नखाएवढा तुकडा पुरतो. अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये ऐन हंगामात अशी तपासणी होते. समुद्रातून येणाऱ्या थव्यात कोणत्या नदीचे मासे किती, हे कळतं आणि मासेमारी कुठं आवरायची ते ठरवायला मदत होते.

आपल्या महाशीरला माणसानंच नदी बदलायला लावली. 1970 च्या दशकापासून लोणावळ्यात खुद्रीची पैदास झाली. चांगल्या हेतूनंच पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली, कावेरीतही. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता: केशरी परांचा, पाठीला वशिंड असलेला. त्याचं शास्त्रीय नावसुद्धा पक्कं नव्हतं. 2018 मध्ये डीएनए आणि शरीराची ठेवण ताडून ते ठरलं, टोर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ओळख पटेपर्यंत तो जवळजवळ संपत आला होता, ही गोष्ट मनातून जात नाही. धरणं, वाळूउपसा ही कारणं आहेतच. पण मुळा-मुठेचा मासा तिथं उपरा ठरला, हे भीमाकाठी ठाऊक असायलाच हवं.

केत्तूरच्या काठावर आता पेट्या भरल्यात. भिगवणच्या बाजाराला गाडी निघेल. शिंगाळा अजून तडफडतोय. त्याच्या पराचा एक तुकडा, अल्कोहोलची छोटी बाटली, वर चिठ्ठी: भीमा, उजनी, आजची तारीख. धरणात पुढचं बीज पडण्याआधी एवढं तरी करून ठेवूया.