पुस्तक काढलं म्हणजे काय केलं?

गावात दवंडी अजूनही होते. ग्रामसभा असली की कोतवाल डफडं घेऊन निघतो, माळीपुऱ्यात उभा राहून वाजवतो, "आयका हो आयका" करून तारीख न वेळ सांगतो, अन् पुढच्या चौकात जाऊन परत तेच. माझ्या मते हेही प्रकाशनच.

पब्लिशिंग म्हटलं की आपल्याला मोठ्या शहरातली ऑफिसं आठवतात, पण हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ सगळ्यांसाठी खुलं करणं असाच आहे, आणि आपलं प्रकाशन म्हणजे उजेडात आणणं, कागदाचं नावच नाही त्यात. १८६७ च्या छापखान्याच्या जुन्या कायद्यातसुद्धा मुद्रक वेगळा न प्रकाशक वेगळा होता. बोलताना तर आपण पुस्तक 'काढलं' म्हणतो, दिवाळी अंक काढला म्हणतो, आणि मला हाच शब्द सगळ्यात खरा वाटतो, घरातून बाहेर काढलं.

आता मोर्शी तालुक्यातलं आपलं रिद्धपूर घ्या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्याला त्याला भेटून, विचारून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्याचा एवढा जुना ग्रंथ, अन् तो आपल्या मातीत. पण पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवल्या, पंथाबाहेरच्याला एक ओळ लागत नव्हती. पिढ्यान् पिढ्या हातानं नकला झाल्या, जीवापाड जपल्या, त्यांनी जपलं म्हणूनच ते उरलं हे विसरून चालणार नाही. पण प्रकाशन? ते १९३६ च्या सुमारास ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्र छापून आणलं तेव्हा झालं, म्हणजे साडेसहाशे वर्षांनी.

आमच्या गावातल्या एका मास्तरांनी रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशानं कवितांचं पुस्तक काढलं, ५०० प्रती. कार्यक्रम झाला, चमकीच्या कागदातली पुस्तकं सोडली, पाहुण्यांनी छातीशी धरून फोटो काढले, पत्रिकेवर विमोचन सोहळा छापलं होतं. मग दोन वर्षं खोकी पलंगाखाली. खालच्या थराला वाळवी लागली तेव्हा मास्तर हललेच, त्यांनी प्रती पुसल्या, पिशवीत भरल्या, आणि आता दर बाजाराच्या दिवशी निघतात, एक चहाच्या टपरीवर, एक दवाखान्याच्या बाकावर, एक सलूनमधे. सलूनमधल्या प्रतीचं कव्हर केव्हाच निघालं, पानांना साबणाचे डाग आहेत. मास्तर नवी द्यायला गेले तर सलूनवाला म्हणे, "राहू द्या सर, कपाशीच्या कवितेचं पान यातच दुमडून ठेवलं आहे लोकायनं."