टोपल्या किती उचलल्या?

मंडळी, बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला एक प्रसंग वाचताना मला दर वेळी थोडं हसू येतं. शिष्य नावेत बसलेत. भाकरी आणायला विसरलेत, सगळ्यांत मिळून एकच भाकर आहे. प्रभू येशू परूश्यांच्या, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांच्या, खमिराविषयी (पीठ फुगवणाऱ्या आंबवणाविषयी) काही गंभीर सांगतोय आणि ह्यांना वाटतं, भाकरीवरूनच आपल्याला बोलणी बसताहेत!

मग प्रभू विचारतो, पाच हजारांना पाच भाकरी वाढल्या, तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? बारा. आणि चार हजारांच्या वेळी किती पाट्या? सात. दोन्ही उत्तरं बरोबर. आकडा कुणीच विसरलेला नाही. तरीही त्याआधीच प्रभूने विचारलेलं असतं, 'तुम्हांला आठवत नाही काय?'

म्हणजे आकडा लक्षात असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. त्या बारा टोपल्या तिकडे डोंगरापाशी राहिल्या आणि काळजी तेवढी नावेत चढली.

माझंही तेच होतं. माझ्याकडे प्रार्थनाविषयांची वही आहे. मध्यंतरी जुनी पानं चाळत होतो. एका पानावर एकच मागणं तीनदा लिहिलेलं, तिसऱ्यांदा तर खाली रेघ इतकी दाबून ओढलेली, की मागच्या पानावर वळ उमटलाय. ते मागणं केव्हाच मिळालं होतं. पण वहीत त्याचा एक शब्द नाही, कारण पुढच्या पानावर नवी काळजी सुरू. मागायला पानंच्या पानं, आणि मिळाल्याची नोंद करायला एक ओळ नाही.

लढाईतल्या विजयानंतर शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असं नाव दिलं. 'येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले.' आपण हे वचन आनंदाने भिंतीवर लावतो. पण तीन अध्याय मागे जा. इस्राएलाने एबन-एजरपाशीच तळ दिला होता, तिथून लढायला गेले आणि देवाच्या कराराचा कोश, ती पवित्र पेटीसुद्धा गमावून बसले. तीस हजार पायदळ पडलं. शमुवेलाला दुसरं एखादं गोड नाव सुचलं नसतं का? त्याने तेच ठेवलं. म्हणून मला वाटतं, देवाने आपल्यासाठी काय केलं ह्याची साक्ष पराभव गाळून सांगितली, तर ती अर्धीच असते. ज्याची प्रार्थना अजून तशीच पडून आहे, त्याला तुमच्या विजयापेक्षा तुम्ही मधली वर्षं कशी काढलीत, हेच ऐकायचं असतं.

आता साक्ष सांगण्याबद्दल. गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त बरा झाला आणि प्रभूबरोबर नावेत यायला निघाला. प्रभूने त्याला येऊ दिलं नाही. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणाला. परक्या गावात सांगणं सोपं हो! घरच्यांनी त्याच्या बेड्या पाहिलेल्या, रात्रीच्या किंकाळ्या ऐकलेल्या. त्यांच्यापुढे वाढवून सांगायची सोय नव्हती.

आपल्याला मात्र तो मोह होतो. एकच साक्ष दहा वर्षं सांगितली, की तिच्यातला ताप दर वर्षी अर्ध्या डिग्रीने चढतो. हसताय, पण हे मीही केलंय. देवाचं काम मोठं दिसावं म्हणून आपण भर घालतो, जणू त्याने केलेलं पुरेसं नव्हतं. आणि ऐकणाऱ्या मुलांना हे बरोबर कळतं. ती काही बोलत नाहीत, एवढंच.

मी आता थांबतो. उरलेली वीस मिनिटं तुमची. शेजारच्या माणसाकडे वळा आणि ह्याच वर्षातली एक गोष्ट सांगा, लहानशी असली तरी चालेल. ताप १०२ होता, तर १०२च सांगा.