तीस मीटरचा दोर

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, सांजवेळ. दोन मुलं दोर पसरत नेतात.)

पटांगणात पसरतोय तो दोर तीस मीटरचा आहे. त्यावरचा एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. या टोकाला आजचा दिवस. गावात व्याख्यान द्यायला नागपूरहून आलेले इतिहासाचे प्राध्यापक अजून माइकला शिवलेले नाहीत. आधी ते मुलांना दोरावर जागोजागी उभं करतात.

जेमतेम पाऊण मीटरवर 1947. पावणेदोन मीटरवर 1854, इंग्रजांनी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा केलं ते वर्ष. सव्वातीन मीटरवर बख्त बुलंद शहा नागपूर वसवतो, 1702. साडेसात मीटरच्या आसपास रिद्धपूर आणि म्हाइंभटांचं लीळाचरित्र. सोळा मीटरवर रामटेकजवळचं नगरधन, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता. बावीस-तेवीस मीटरवर पवनीचा स्तूप. तिथून दोराच्या टोकापर्यंत सात-आठ मीटर उरतात. तेवढ्या काळात या शिवारातली दगडांची गोल रिंगणं उभी राहिली.

‘इसवी सनापूर्वी’ म्हटलं की मागच्या रांगेतली माणसं ऐकणं सोडतात. आकडे उलटे चालतात आणि त्यांचा अंदाज बांधता येत नाही. दोरावर अंतर डोळ्यांना दिसतं. मात्र दोर सुताचा हवा, नायलॉनचा ताणला की लांबतो. खुणेसाठी गाठी मारल्या तर प्रत्येक गाठ थोडी लांबी खाते आणि तीस गाठींत शतकं हरवतात. म्हणून इथे गाठी नाहीत. टेपने मोजून चिंध्या बांधल्या आहेत.

(दृश्य : सतरंज्या अंथरणं, पडदा बांधणं, स्पीकर हलवणं.)

व्याख्यान फुकट आहे. प्रवेशिका नाही, नावनोंदणी नाही. पण फुकट आहे एवढ्यावर कुणी येत नाही. हिवाळ्यात महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव असतात, सात दिवसांची. त्यात दुपारी बौद्धिक असतं आणि इतिहासाचं व्याख्यान सहसा तिथेच बसवतात. त्या वेळी गाव कापूस वेचायला गेलेलं असतं. शिबिरार्थीच ऐकतात, तेही पहाटेपासूनच्या श्रमदानाने पेंगलेले. म्हणून इथे वेळ रात्री आठची ठेवली आहे, जेवणं उरकल्यावर.

तारीख ठरवताना शेतीच्या फीडरचं वेळापत्रक पाहिलं गेलं. पंपाची तीन फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की गडीमाणसं हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला शेतात. त्या आठवड्यात वक्ता कितीही मोठा आणा, पटांगण रिकामंच राहणार.

जागेचंही तसंच. देवळाच्या सभामंडपात ठेवलं तर काही घरं येत नाहीत, एखाद्या समाजाच्या भवनात ठेवलं तर दुसरी काही येत नाहीत. शाळेचं पटांगण सगळ्यांचं. इतिहास सगळ्या गावाचा असेल तर त्याची सतरंजीही सगळ्यांना बसता येईल अशा जागीच अंथरायला हवी. सकाळी कोतवालाने दवंडी दिली, बचत गटांना वेगळा निरोप गेला. बायका पुढच्या अर्ध्या भागात बसल्या आहेत. कडेला उभं राहावं लागलं की त्या दहा मिनिटांत घरी परततात.

कर्णा लावलेला नाही. कर्ण्याचा आवाज लांब जातो पण शब्द फाटतात, ‘शक’ आणि ‘शतक’ सारखेच ऐकू येतात. त्याऐवजी दोन बॉक्स आहेत, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडं वर. दोन्ही वक्त्याच्या पुढे आणि तोंड श्रोत्यांकडे. बॉक्स वक्त्याच्या मागे गेले की त्यांचाच आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. पडदा म्हणजे दुहेरी शिवलेली पांढरी चादर. खालची कड बांबूला बांधली आहे, नाहीतर वाऱ्याने फोटो पोहत राहतो.

फोटोंची फाइल पीडीएफ करून आणली आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट नसला की अक्षरांचे चौकोन होतात. शिवाय दहा मोठे छापील फोटो लॅमिनेट करून सोबत आहेत. वीज गेली तरी ते रांगांमधून फिरतात आणि बॅटरीच्या उजेडात दिसतात.

सत्कार शेवटी आणि फक्त एक. हा नियम सगळ्या आयोजकांनी पाळावा असं आम्हाला वाटतं. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि परिचयात पाऊण तास गेला की व्याख्यानाला उरतो तो थकलेला श्रोता.

(दृश्य : प्राध्यापक बोलताहेत. पडद्यावर शिलावर्तुळ.)

प्राध्यापक गावापासूनच सुरुवात करतात. बरड जमिनीवरची ही रिंगणं म्हणजे दफनं. कडेला मोठे दगड, आत मुरूम, माती आणि गोट्यांची भर. त्याखाली काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. कुठे घोड्याची हाडं आणि त्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने. हे अंदाज नाहीत. नागपूर विद्यापीठाने 1968-69 मध्ये टाकळघाट-खापा इथे आणि 1970 ते 72 या काळात माहूरझरीला उत्खनन केलं, त्यातून हे बाहेर आलं. पारशिवनी तालुक्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची वर्तुळं तर इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवली होती.

पंचेचाळीस मिनिटांनी बोलणं थांबतं. पुढचा तास प्रश्नांचा.

एक आजी विचारतात, “मंग ते लोक मुर्दा जाळत होते का गाडत, सर?” गाडत होते, आजी. कुठे पूर्ण सांगाडा मिळतो, कुठे मोजकीच हाडं. मागून एक शेतकरी : “आमच्या धुऱ्यावर भी तसेच गोटे हायेत.” प्राध्यापक तिथल्या तिथे उत्तर देत नाहीत. सकाळी पाहू, म्हणतात.

(दृश्य : सकाळ, बरडावर लांब सावल्या. टेप धरलेल्या मुली.)

शिवारफेरी सूर्य वर यायच्या आत. उन्हं तिरपी असतात तेव्हा मातीत अर्धे गेलेले दगडही सावली टाकतात आणि रिंगण ओळखू येतं. दुपारी हीच जागा सपाट दिसते. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, ढीग पहिल्या नजरेत कळतो. नांगरताना निघालेले दगड एका रेषेत, लहानमोठे, एकावर एक पडलेले असतात. वर्तुळाचे दगड मोठे, जमिनीत रुतलेले आणि आतली माती किंचित फुगलेली. त्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर ढीगच निघाला. पण त्याच्या पलीकडे, पळसाखाली, रिंगणाचा अर्धा भाग शिल्लक आहे.

मोजायची पद्धत अशी. व्यास दोनदा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, दगडाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, कारण रिंगण क्वचितच अगदी गोल असतं. मोबाइलवर दिशा पाहताना लोखंडी टेप दूर ठेवायचा, सुई भरकटते. दगड मोजायचे आणि गेलेल्या दगडांच्या जागा आकृतीत रिकाम्या दाखवायच्या. गट नंबर सातबाऱ्यावरून. दगडावर चुना किंवा रंग लावायचा नाही, कारण काही दगडांवर माणसाने कोरलेले वाटीसारखे खळगे असतात.

आणि मधोमध खणायचं नाही. गुप्तधनाच्या नादात असे खड्डे पडतात. हाती लागतं ते फुटकं मडकं आणि गंजलेलं लोखंड. ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं ही माहिती मात्र कायमची जाते, आणि किंमत तिचीच असते. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पण खड्ड्यांपेक्षा मोठं नुकसान जेसीबीने होतं. वर्तुळं मुरमाड जमिनीवर असतात आणि रस्त्याला मुरूम लागतो.

नोंदींचा कागद प्राध्यापकांच्या विभागाकडे जाईल. येत्या ग्रामसभेत मुरूम काढण्यावर ठराव मांडायचं ठरलं आहे.

ज्या गावाला असं व्याख्यान हवं असेल त्यांनी विभागप्रमुखांना ग्रामपंचायतीच्या नाहीतर वाचनालयाच्या पत्रावर लिहावं, दिवाळीच्या आधी. विषय ‘इतिहास’ एवढाच लिहू नये. गावात काय आहे ते लिहावं : गढी, बारव, मालगुजारी तलाव, वीरगळ, पांढरीचं (जुन्या वस्तीचं) टेकाड, दगडांचं रिंगण. सोबत दोन फोटो, उंची कळावी म्हणून शेजारी उभा माणूस. रात्री मुक्कामाची सोय आहे का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, पटांगणापासून विजेचा बोर्ड किती अंतरावर आहे, तेही त्याच पत्रात लिहावं.