आजीचं जुनेर आणि कॉलऱ्याचा जंतू

नमस्कार मंडळी, पाऊस सुरू झालाय, नळाला गढूळ पाणी यायला लागलंय, म्हणून आज पाण्याबद्दलच बोलते.

आमच्या कसब्यातल्या वाड्यात आजी नळाला फडकं बांधायची, ते कायम जुनेराचंच, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या साडीचं, नवं कापड दिलं तरी घ्यायची नाही. मायक्रोबायोलॉजी शिकायला लागल्यावर मी तिला म्हणायचे की आजी अगं जंतू त्या भोकातून आरामात जातात, आणि ते खरंच आहे, कॉलऱ्याचा जंतू एकदोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरच्या एकदोन हजाराव्या भागाएवढा असतो. मग पुढे रिटा कोलवेल यांचं काम वाचलं आणि मला आजीची माफी मागावीशी वाटली.

या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ. पटकी, म्हणजेच कॉलरा, माणसाकडून माणसाकडेच येते, बाहेरच्या पाण्यात तो जंतू फार टिकत नाही असं तेव्हा धरून चालले होते. कोलवेल बाईंनी दाखवलं की तो खाडीच्या, नदीच्या पाण्यात मुळातच राहतो, आणि परिस्थिती वाईट झाली की असा निपचित पडतो की लॅबमध्ये वाढवायला गेलं तर वाढतच नाही, पण मेलेला नसतो. आणि राहतो कुठे, तर कोपेपॉड म्हणून कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव असतात, त्यांच्या अंगाला चिकटून, एकेकावर हजारोंनी!

आता बघा, जंतू गाळता येत नाही पण त्याचं घर गाळता येतं. सुती साडी धुऊन धुऊन जुनी झाली की धागे पिंजारतात, भोकं बारीक होतात, चार पदरी घडी घातली की साधारण २० मायक्रॉनच्या वरचं सगळं अडतं. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत हे करून बघितलं, २००३ साली निष्कर्ष आले, कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. ना वीज, ना फिल्टर, घरातली जुनी साडी. मला तर हे वाचताना भरून आलं होतं.

पण पुणेकरांनो, इथे थांबा जरा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या पोटाच्या संसर्गानंतर होऊ शकणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले, हातापायातली ताकद जायची, काही जण तर व्हेंटिलेटरवर होते, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले. हे काही कोपेपॉडवर बसून येत नाहीत, फडक्यातून सरळ खाली उतरतात. त्यांना उकळणंच पाहिजे, नुसतं कोमट नाही, खळखळून उकळी.

आणि एक चूक मी खूप घरांत बघते, पाणी उकळतात, गार करतात आणि मग परत नळाच्याच ओल्या फडक्यातून माठात गाळतात. असं नका करू हो. आधी गाळायचं, मग उकळायचं, त्याच पातेल्यात झाकून गार होऊ द्यायचं, आणि फडकं रोज धुऊन कडक उन्हात, ऊन नसेल तर निदान इस्त्री फिरवून वाळवायचं.