उन्हाची सवय झालेलं यीस्ट

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्याचं ऊन काय असतं हे सोलापूरकरांना मी काय सांगणार! तरी आज उन्हाचंच बोलायचंय, पण यीस्टला लागणाऱ्या. पाव फुगवतं तेच हे यीस्ट.

मी विद्यार्थिनी होते तेव्हाची गोष्ट. यीस्ट ३० अंशांवर मजेत वाढतं. तेच ५० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवलं तर किती जगतं, हे मी मोजत होते. रोज प्लेटवर जगलेल्या यीस्टचे चार-दोन ठिपके उगवायचे, बाकी सगळं मेलेलं. एका दुपारी वीज गेली. यीस्टला ३० अंशांवर ठेवणारी पेटी, म्हणजे इनक्यूबेटर, बंद पडला, पत्र्याखालची खोली तापली, थर्मामीटर ३८ वर. तासाभराने वीज आली, तेव्हा मला रडूच फुटायचं बाकी होतं. तरी नमुने पाण्यात ठेवले. दोन दिवसांनी पाहते तर प्लेटभर साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे ठिपके! मग मुद्दाम आधी ३७ अंशांवर ठेवून पुन्हा केलं, तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

घरी आई चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अगं, कूलरसमोरनं उठून एकदम उन्हात गेलं की ऊन लागतंयच. रोज रानात राबणाऱ्याचं अंग तयार असतंय." पुस्तकात वाचलेलं तेव्हा कुठे मला उमगलं. आधी सौम्य झळ, मग कडक झळ. आधी सौम्य, मग कडक.

असं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळायला हवं. शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात ठेवतात, याचा मला फार राग येतो. फुटला तर फुटू दे, मुलांच्या हाती द्या.

तर, उष्णतेने पेशीतली प्रथिनं विस्कटतात, एकमेकांना चिकटून गोळे होतात. अंड्याचा पांढरा बलक शिजतो तसं. सौम्य झळ लागली की यीस्ट एचएसपी १०४ नावाचं प्रथिन भराभर तयार करतं, आणि ते हे गोळे सोडवतं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये दाखवलं, की त्याचं जनुक काढून टाकलं तर आधीच्या सौम्य झळेचा फायदा जवळजवळ संपतो. यीस्टची जनुकं सुमारे ६,०००. सगळा जनुकसंच १९९६ मध्ये वाचून झाला, म्हणून आता त्यातलं कुठलंही जनुक एकेक करून काढून बघता येतं.

पार्किन्सन या मेंदूच्या आजारातही मेंदूच्या पेशींत प्रथिनांचे गोळे होतात. माणसाच्या पेशीत एचएसपी १०४ नाही. म्हणून यीस्टच्या या प्रथिनात बदल करून ते गोळे सुटतात का, हे प्रयोगशाळांमध्ये तपासलं जातंय. नमस्कार.